दुर्बिणीच्या तोंडाशी

गुरू त्या संध्याकाळी हलायचा थांबला. एरवी तो दुर्बिणीत दिसायचा तो असा, की तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा आणि जागच्या जागी थुईथुई नाचत राहावा. कडा फाटलेल्या, पट्टे एकमेकांत कालवलेले. मध्येच क्षणभर काहीतरी नीट दिसल्यासारखं व्हायचं आणि ते काय होतं हे डोक्यात शिरायच्या आत पुन्हा सगळं खदखदायला लागायचं. चार वर्षांत ही खदखद डोळा लावणाऱ्या त्या माणसाच्या इतकी अंगवळणी पडली होती, की आज ती नाही हे त्याला आधी कळलंच नाही. काहीतरी बिघडलंय एवढंच वाटलं, घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की वाटतं तसं. मग त्यानं डोळा नीट टेकवला आणि श्वास धरला. गोल, कापून ठेवल्यासारखा गोल. दोन ठळक पट्टे, मधला भाग दुधावरच्या सायीसारखा, आणि एका पट्ट्याच्या काठाला, आजवर फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या, त्या निळसर झालरी लोंबत होत्या. एक, दोन, आणि तिसरी जरा वाकडी. "हे बघ ना," तो म्हणाला. म्हणाला आणि मान वर केली. गच्चीवर कोणी नव्हतं. पाण्याची टाकी होती, नळ होते, वाळत घालायच्या दोरीवर एक विसरलेला चिमटा होता, समोरच्या इमारतींमधले दिवे एकेक करून लागत होते. सूर्य नुकताच गेला होता आणि आकाशाला अजून रंग होता. बायको चार दिवस धाकट्या बहिणीकडे गेली होती हे त्याला पुन्हा आठवावं लागलं. आनंद झाला होता यात शंका नाही. पण आनंदाला एक पाय कमी असावा तसा तो उभा राहताना डुगडुगत होता.

खाली येऊन त्यानं चष्मेवाल्याला फोन लावला. चष्मेवाला म्हणजे त्याच्या ऑफिसखालच्या दुकानात लोकांचे नंबर काढणारा त्याचा मित्र. दिवसा चष्मे विकायचा आणि सुट्टीच्या दिवशी काच घासून आरसे करायचा. दुर्बिणीतला सोळा इंची आरसा त्याच्याच हातचा. "पंखा लागू पडला," त्यानं चष्मेवाल्याला सांगितलं. आरशाच्या पाठीमागे त्यानं गेल्याच आठवड्यात एक छोटा पंखा बसवला होता, काचेतली उष्णता लवकर निघून जावी म्हणून. "झालरी दिसल्या. तीन." पलीकडून चष्मेवाला खूश झाला. "मी सांगत नव्हतो? माझ्या आरशाला उगाच नावं ठेवत होतास. वहिनींना दाखवलंस की नाही?" "ती नाहीये इथं." "मग काय उपयोग," चष्मेवाला म्हणाला, "बायकोनं पाहिल्याशिवाय कुठलाही शोध लागत नसतो." दोघंही हसले. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ स्वयंपाकघरात नुसता उभा राहिला. काहीतरी खायला हवं होतं आणि ते काय हे आठवत नव्हतं.

मोठमोठ्या इमारती थंड ठेवणं हा त्याचा धंदा. सिनेमागृहं, ऑफिसं, शस्त्रक्रियेच्या खोल्या, फळं साठवायची गोदामं. ऑफिसातली नवी पोरं त्याला तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'बर्फवाले', हे त्याला ठाऊक होतं आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. इमारत थंड करायची म्हणजे आधी तिच्यात ऊन कुठून येतं, दिवे किती, यंत्रं किती आणि माणसं किती हे बघावं लागतं. माणूस नुसता बसलेला असला तरी शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतका तापत असतो. उभा राहिला की थोडा जास्त, नाचायला लागला तर विचारूच नका. देवानं प्रत्येकाच्या आत एकेक निखारा ठेवून दिला आहे आणि तो विझेपर्यंत माणूस आपल्याभोवतीची हवा हलवत राहतो. इतकी वर्षं हे हिशेब करून करून त्याची नजरच तशी झाली होती. कुठल्याही सभागृहात शिरला की खुर्च्या दिसायच्या आधी त्याला त्यांवरचे निखारे दिसत. वडील गेले तेव्हा खोलीत माणसं दाटली होती, रडणं चाललं होतं, आणि त्यानं डोळे पुसता पुसता मनातल्या मनात डोकी मोजली होती आणि उठून खिडकी उघडली होती. आत्याला वाटलं, पोराला गुदमरल्यासारखं होतंय. तिनं त्याला जवळ घेतलं. त्याला तेव्हाही कळलं नव्हतं, की आपण खरोखरच गुदमरलो होतो की नुसता हिशेब केला होता.

तर असा माणूस दुर्बिणीच्या नादी लागला आणि ग्रह नीट का दिसत नाही या प्रश्नामागे लागला, तेव्हा त्यानं काय काय केलं असेल. आकाश वर कसंही असो, निम्मा बिघाड आपल्या पायांशी असतो हे त्यानं ओळखलं होतं. दिवसभर तापलेली गच्चीची फरशी संध्याकाळी वाफ सोडल्यासारखी ऊब सोडते म्हणून तिच्यावर पाणी मारायचं, जाड चटई अंथरायची. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थाच्या एसीचा पंखा नेमका दुर्बिणीच्या समोर गरम हवा फेकायचा. त्यांना विनंती करून संध्याकाळी तासभर तो बंद ठेवून घेतला आणि बदल्यात त्यांचा फ्रिज फुकट दुरुस्त करून दिला. कामावर असतं ते पिस्तुलासारखं तापमापक, नुसतं रोखलं की भिंतीचं तापमान सांगणारं, ते घेऊन तो गच्चीभर फिरला. टाकी मोजली, कठडा मोजला, नळ मोजले, जिन्याचं लोखंडी दार मोजलं. स्वतःला मोजलं, आणि डोळा टेकवताना श्वास बाजूला सोडायची सवय लावून घेतली. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, जाड काच निवायला फार वेळ घेते म्हणून आरसा तो गच्चीवर ठेवायचाच नाही. तो झोपायच्या खोलीत, एसी लावून, संध्याकाळच्या हवेइतका गार करून ठेवलेला असायचा. खोली रात्रंदिवस तशीच. बायकोला गारठा सोसत नसे. "तुम्हांला मी हवी का आरसा, ते एकदा सांगा," ती पहिल्या आठवड्यात म्हणाली होती, हसत. "आरशाला निदान सर्दी होत नाही," तो म्हणाला होता, तोही हसत. मग तिला खरंच सर्दी झाली आणि एका रात्रीपुरती म्हणून ती लेकीच्या खोलीत झोपायला गेली. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती, खोली रिकामीच होती. ती एक रात्र मग संपलीच नाही. दोघांपैकी कोणीही त्याबद्दल काही बोललं नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

बायको परत आली आणि दुसऱ्याच संध्याकाळी नेहमीसारखी वर आली, हातात चहाचे दोन कप घेऊन. गच्ची ही त्यांची एकमेव भेटायची जागा उरली होती, हे तिनं किंवा त्यानं ठरवून केलेलं नव्हतं. वर्षापूर्वी ती कपडे काढायला म्हणून आली होती आणि कठड्याला टेकून थोडा वेळ उभी राहिली होती, आणि मग रोज येऊ लागली होती. घरात ती फारशी बोलत नसे. मोठ्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर तिची नोकरी. दिवसभर माणसांना वाटा सांगून तिचा घसा बसलेला असे. गच्चीवर मात्र तिला कंठ फुटायचा. ती दुर्बिणीच्या समोरच्या बाजूला, तिच्या उघड्या तोंडाच्या खाली, कठड्याला पाठ लावून उभी राहायची आणि तो डोळा लावून ऐकायचा. "आज एक आजोबा आले," ती सांगत होती, "म्हणाले, बाई, मला कुठं जायचंय? मी म्हटलं, काय होतंय तुम्हांला? ते म्हणाले, मला काही होत नाही, माझी बायको आत आहे. म्हटलं, कुठल्या वॉर्डात? म्हणाले, ते तुम्ही सांगा, म्हणून तर खिडकी आहे. आणि बायकोचं नाव आठवेना त्यांना. पन्नास वर्षं नुसतं अगं म्हणत आले." तो हसला. हसताना डोळा हलला म्हणून पुन्हा टेकवला. गुरू खदखदत होता. कडा फाटल्या होत्या, झालरींचा पत्ता नव्हता. "मग सापडली का?" त्यानं विचारलं. "सापडली. तिसरा मजला, डावीकडे. तिला तरी त्यांचं नाव आठवत होतं."

पंखा बघितला, फिरत होता. आरसे एका रेषेत आहेत का ते बघितलं, होते. फरशी ओली होती, वरच्या गृहस्थांचा एसी बंद होता. हवा त्या संध्याकाळसारखीच, स्तब्ध, चंद्र नाही, वारा नाही. त्याला काही समजेना. आकाश बिघडलं असेल, वरती कुठेतरी वारे असतील, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आणि चौथ्या दिवशी ती बोलता बोलता थांबली, खाली घरात फोन वाजत होता, "लेकीचा असेल" म्हणत ती जिना उतरून गेली, आणि तो सहज म्हणून डोळा लावून राहिला, तर थोड्याच वेळात, पाण्यात टाकलेला गाळ खाली बसावा तसा, तो खदखदता गोळा हळूहळू निवळला. कडा जुळल्या. पट्टे वेगळे झाले. झालरी आल्या. तो पाहत राहिला. मग जिन्यावर चपला वाजल्या, तिचा आवाज आला, "जावयाला बढती मिळाली म्हणे," आणि ती आपल्या जागी येऊन कठड्याला टेकली, आणि गुरूच्या खालच्या कडेला आधी एक लाट आली, मग दुसरी, मग सगळं पुन्हा उकळायला लागलं. "ऐकलंत का?" "हो," तो म्हणाला. "चांगलं झालं." त्याला आपलाच आवाज कुठल्यातरी नळातून आल्यासारखा वाटला.

त्याला कळलं होतं आणि कळलं नव्हतं. म्हणजे, धंद्यातला माणूस होता त्याला त्या क्षणीच कळलं. दुर्बिणीची नळी बंद नाही, नुसत्या आठ दांड्यांचा सांगाडा आहे. ग्रहाकडून येणारा प्रकाश तिच्या तोंडातून आत शिरतो, आणि त्या तोंडाच्या बरोबर खाली एक उबदार माणूस उभं आहे, त्याच्या डोक्यावरून खांद्यांवरून गरम हवेचा झोत वर चढतोय, थेट प्रकाशाच्या वाटेत. शिकाऊ पोरानं सांगितलं असतं. आणि तरीही तो स्वतःशी पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला, असं कसं होईल, योगायोग असेल. टाकी मोजली, कठडा मोजला, दार मोजलं, स्वतःला मोजलं. तिला मोजायचं राहून गेलं. ते का राहिलं, हा प्रश्न त्याला ऑफिसात, रस्त्यात, लिफ्टमध्ये येऊन गाठू लागला. ती इतकी आपली होती का, की आपल्यापासून वेगळी धरावी असं वाटलंच नाही? की ती तिथं उभी आहे हेच आपल्या लेखी नव्हतं? दोन्ही उत्तरं तो उलटसुलट करून बघायचा आणि दोन्ही खरी वाटायची, आणि मग दोन्ही खोटी. एके संध्याकाळी ती पाठ फिरवून रस्त्याकडे बघत होती तेव्हा त्यानं खिशातलं ते तापमापकाचं पिस्तूल काढलं आणि तिच्या पाठीवर रोखलं. आकडा उमटला. बाकी गच्ची निवत चालली होती आणि ती तेवढी एक, अंधूक उजेडात, उबदार होती. ती वळायच्या आत त्यानं ते खिशात टाकलं. मग जेवताना तिच्याकडे बघायची त्याला चोरी झाली, जसं काही आपण तिची कुठलीतरी न दाखवण्याची गोष्ट तिला न विचारता पाहिली होती.

ती पहिल्यापासूनच अशी होती. लग्न झालं तेव्हा तो फळांच्या गोदामात पाळीवर असायचा, आत बर्फासारख्या थंडीत यंत्रं बघायची, आणि घरी यायचा तेव्हा त्याची बोटं वठलेल्या काटक्यांसारखी झालेली असत. भाड्याची एकच खोली, दाराखालून वारा यायचा. ती त्याचे दोन्ही हात धरून सरळ आपल्या काखेत दाबायची आणि "आई गं" म्हणून डोळे मिटून घ्यायची. तो हात काढायला बघायचा तर सोडायची नाही. "राहू द्या. मला आहे जास्तीची." तिच्या अंगाला वास यायचा साबणाचा आणि थोडा धुराचा. बोटांत आधी मुंग्या, मग आग, मग हळूहळू बोटं आपली व्हायची. लेक पोटात होती त्या थंडीत तर ती रात्री पांघरूण लाथेनं उडवून द्यायची आणि तो ते ओढून घ्यायचा. मला आहे जास्तीची. हे वाक्य त्याला इतक्या वर्षांनी, एका सिनेमागृहाच्या गच्चीवर, यंत्रांच्या घरघरीत उभं असताना आठवलं, आणि समोरचा मुकादम काय विचारतोय हेच त्याला समजेना. "साहेब, पाइप कुठून घ्यायचा?" "तिसरा मजला, डावीकडे," तो म्हणाला. मुकादम त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या इमारतीला दोनच मजले होते.

तिला सरळ सांगायला काय हरकत होती? हे त्यानं स्वतःला अनेकदा विचारलं. सांगायचं काय पण? की तू आलीस की बिघडतं? की तू खाली गेलीस की मला हवं ते दिसतं? हे वाक्य कुठूनही उचललं तरी त्याला धार होती. म्हणून त्यानं आडून आडून सुरुवात केली. "जरा टाकीकडे उभी राहतेस का?" "का?" "तिकडे वारा कमी आहे." "मला कुठं वारा लागतोय?" ती टाकीकडे गेली. तिथून तिचं बोलणं त्याला नीट ऐकू येईना, दोनतीनदा "काय?" म्हणावं लागलं, आणि मग ती गोष्ट अर्ध्यावर सोडून गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सवयीनं पुन्हा कठड्यापाशी आली. "अगं, चहा खालीच घेऊ ना आपण," तो म्हणाला, "इथं कप सांडेल." तिनं कपाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. "वर्षभरात नाही सांडला," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी त्यानं तिला डोळा लावायच्या भिंगातून बघायला बोलावलं, म्हणजे तेवढा वेळ तरी ती तिथून हलेल. तिनं डोळा लावला, पण आता तो स्वतः बाजूला होऊन तिच्याच जागेकडे तोंड करून, काय करावं न कळून, घुटमळत होता. "छान आहे," ती पटकन म्हणाली. पाहुण्यांच्या घरातल्या पडद्यांना म्हणावं तसं. त्यानंतर ती वर आली नाही.

हवा चांगली होती त्या दिवसांत. इतकी चांगली, की चष्मेवाल्यानं सुद्धा फोन करून सांगितलं, असे दिवस वर्षातून मोजके येतात, सोडू नकोस. तो रोज सूर्य मावळता मावळता वर जायचा आणि गुरू त्याच्यासाठी थांबून राहिल्यासारखा स्थिर असायचा. झालरी तर होत्याच. पट्ट्यांच्या खाली त्याला पांढऱ्या तांदळाएवढे ठिपके दिसले, एकदा गुरूच्या एका चंद्राची सावली पट्ट्यावरून शाईच्या थेंबासारखी सरकत गेलेली दिसली. चार वर्षं ज्याच्यासाठी धडपडला ते ताट वाढून समोर आलं होतं आणि त्याची भूक कुठं गेली ते त्याला कळत नव्हतं. तो बघायचा आणि मध्येच लक्षात यायचं, की आपण बघत नाही, ऐकतोय. जिन्याकडे कान लावून उभे आहोत. चित्र जरा हललं, वरच्या हवेनं, कशानंही, की छातीत धस्स व्हायचं. आली वाटतं. मग मान वर करायचा तर कठडा रिकामा. हे त्याला अत्यंत विचित्र वाटे. चित्र बिघडलं की आनंद होतोय आणि स्थिर झालं की खट्टू व्हायला होतंय, अशा माणसानं दुर्बिणीचं करायचं तरी काय?

लेकीचा फोन आला तेव्हा बायको आंघोळीला गेली होती म्हणून त्यानं घेतला. "बाबा, तुमचं आणि आईचं काही बिनसलंय का?" "काय बिनसायचंय?" "आई वर येत नाही म्हणाली हल्ली." "थकते ती." "थकत नाही ती. म्हणाली, वर त्यांना गर्दी होते." त्यानं फोन दुसऱ्या कानाला घेतला. "बाबा, आहात ना? एका माणसाची कसली गर्दी होते हो तुम्हांला?" "तसं नाही," तो म्हणाला. "मग कसं?" बाथरूममध्ये पाण्याचा आवाज येत होता, आणि दाराखालच्या फटीतून वाफ येऊन पायांवर पसरत होती. "हवेचं आहे," तो शेवटी म्हणाला. "हवेचं म्हणजे?" "समजावून सांगेन कधीतरी." "मला नका सांगू," लेक म्हणाली.

शेवटी चष्मेवाल्याला सगळं सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाला ऐकत असताना काउंटरवरची एकेक फ्रेम पुसत होता. "आणि तू तिला काय सांगितलंस? वारा लागेल?" "हो." "शाबास. अरे, सांगाड्याला काळं कापड शीव आणि गुंडाळ. तोंडाच्या पुढं हातभर येऊ दे. मग वहिनींना तुझ्या शेजारी उभं कर, नाहीतर स्वयंपाकघर वर हलव, दुर्बिणीला पत्ता लागायचा नाही. सगळे करतात." "एवढंच?" "एवढंच." इतकं सोपं होतं हे ऐकून त्याला हलकं वाटायला हवं होतं. उलट त्याला वाटलं, की आपण महिनाभर ज्यात बुडत होतो ते पाणी घोट्याएवढंच होतं असं कोणीतरी सांगतंय, आणि तरी आपले कपडे छातीपर्यंत ओले आहेत.

काळं कापड आणलं. शिवणयंत्र बायकोचं, माप त्यानं दिलं. लेकीच्या खोलीत दिवा लावून तिनं ते शिवलं, एका बाजूनं उघडझाप करायला पट्ट्या लावल्या, वरच्या कडेला दोरी घातली. यंत्राचा आवाज तो बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होता. तिचं काम नेहमीच नीट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घडी खांद्यावर टाकून आपणहून वर आली. "लावून बघते. कुठं सैल पडलं तर इथंच टाचते." आणि पहिली पट्टी वरच्या कड्याला अडकवता अडकवता, त्याच्याकडे न बघता, तिनं विचारलं, "हे कशासाठी आहे?"

"धूळ," तो म्हणणार होता. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिनं खिडकीवरच्या आवाजात विचारलं होतं, म्हणजे जिथं खोटं सांगून माणसाला चुकीच्या मजल्यावर पाठवता येत नाही त्या आवाजात. "तुझी ऊब आड येते," तो म्हणाला. "तू तिथं उभी राहतेस ना, तिथून. ती वर चढते आणि प्रकाशाच्या वाटेत येते. चित्र हलतं. म्हणून मी तुला… मला सांगता येईना. म्हणून कापड."

ती थांबली. पट्टी तिच्या हातातच राहिली. आता ती काय म्हणेल याचे त्यानं अनेकदा मनात नमुने करून ठेवले होते; त्यातलं एकही ती म्हणाली नाही. "माझी ऊब," ती म्हणाली, जणू कोणी परकं नाव सांगितलं आणि ते नोंदवून घ्यायचंय. "मला वाटलं, माझं बोलणं आड येतं." मग थोड्या वेळानं, "ती दिसते?"

"दिसते." "दाखवा." "ते… दुसरं कोणीतरी तिथं उभं राहायला हवं." "मग तुम्ही राहा की."

त्यानं तिच्या हातातली पट्टी घेतली, कापड कठड्यावर ठेवलं. गुरूच्या जरा वर एक ठळक तारा निघाला होता. दुर्बीण त्याच्यावर आणली. मोठं करणारं भिंग काढून लहान लावलं. मग मुद्दाम फोकस बिघडवला, ताऱ्याचा ठिपका फुगून बशीएवढा गोल उजेड होईपर्यंत. "यात बघ. हे असं स्थिर आहे ना? आता मी जातो. दुर्बिणीला धक्का लावू नकोस. तारा कडेला सरकायला लागला तर वरचं कडं बोटानं हळूच ढकल, केसभर." "ठाऊक आहे," ती म्हणाली. "वर्षभर बघतेय." तो वळसा घालून पलीकडे गेला आणि दुर्बिणीच्या तोंडाखाली, तिच्या जागी, कठड्याला पाठ लावून उभा राहिला.

काहीच झालं नाही. म्हणजे त्याला काहीच जाणवलं नाही. आपल्यातून काही निघत असेल यावर, हिशेब पाठ असूनही, त्याचा विश्वास बसत नव्हता. त्याला एकदम लाज वाटली, आत काहीच नसलं तर, या वयात, तिच्यासमोर. "दिसतंय का काही?" त्यानं विचारलं. तिनं डोळा आणखी टेकवला. मग म्हणाली, "थांबा." मग, खूप हळू, "अहो, धुरासारखं चढतंय. तुमच्यातून. खालून वर, वेटोळी वेटोळी. थांबा, हलू नका." तो हलला नाही. आणि मग, दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे, त्यानं समोर बघितलं. त्याला वाटलं होतं, ती इथं उभी राहून आकाश बघत असेल, रस्ता बघत असेल. पण पाठ कठड्याला लावली की इथून आकाश नीट दिसत नव्हतं, रस्ता तर पाठीमागे होता. इथून दिसत होतं ते एवढंच, दुर्बिणीचं काळं तोंड, आणि त्याच्या शेजारी, उरल्यासुरल्या उजेडात, वाकून डोळा लावलेल्या माणसाचा चेहरा. एक डोळा गच्च मिटलेला, नाक आक्रसलेलं, तोंड किंचित उघडं, आपल्याला कोणी बघतंय हे विसरून गेलेलं. तिचा चेहरा त्यानं असा कधी पाहिला नव्हता. आपला असा चेहरा तिनं मात्र किती संध्याकाळी पाहिला असेल? हे तो मोजू गेला आणि त्याला मोजता आलं नाही.

त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं. खोलीतला एसी बंद करतो असं, किंवा आज काय झालं ऑफिसात ते, किंवा तिचं नाव. नक्की काय ते सुधरेना. गुरू त्याच्या डोक्यामागे कुठेतरी होता आणि आता नक्कीच स्थिर असणार होता, अशी हवा वर्षातून मोजकी मिळते, आणि तो त्याच्याकडे पाठ करून उभा होता. बराच वेळ गेला. एव्हाना तारा दृष्टीबाहेर सरकायला हवा होता. ती "गेला" म्हणेल म्हणून तो वाट बघत राहिला. ती म्हणाली नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तिचा हात कड्यावर आहे आणि दुर्बीण सरकतेय, केसभर, मग पुन्हा केसभर, डावीकडे. ती ताऱ्याबरोबर निघाली होती आणि तो मागे राहत होता.

"दिसतोय का अजून?" त्यानं विचारलं.

"जरासा," ती म्हणाली. डोळा तिनं काढला नाही. "कडेला गेलात."

त्यानं कठडा चाचपला आणि दुर्बिणीचं तोंड जिकडे वळलं होतं तिकडे एक पाऊल टाकलं.